उंचावर पाठवू नये

प्रिय मामा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी वाटलं असेल, भिंगरीचा फोन पुन्हा टाकीत पडला. पडलेला नाही. फोन खिशातच आहे आणि परवापासून तुझा नंबर काढून काढून त्याची काच झिजली. पण फोन लावला की मामी तो स्पीकरवर टाकते, एकीकडे भांडी लावत राहते आणि मी तोंड उघडलं की विचारते, जेवलास का. मी म्हणतो जेवलो. मग तू म्हणतोस, बरं मग ठेवू का. आणि जे सांगायचं ते घशातच राहतं. म्हणून लिहायला बसलो. शाळा सुटली तेव्हापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा काना-मात्रा तुझ्या तू लावून घे. बसवत तर नाहीच. आत्ताच दोनदा पाणी पिऊन आलो आणि तहान एकदाही नव्हती. मामा, तू इथून गेलास तो का गेलास, त्याबद्दल सांगायचंय. तू सगळ्यांना सांगतोस की जावयाने घालवलं. मामी पण तेच म्हणाली. तसं नाहीये ते. पण मला क्रमाने सांगू दे, एकदम त्यावर आलो तर मी शब्द गिळेन आणि मग हे पत्र पण फोनसारखंच होईल.

आधी इकडचं, आपल्या सोसायटीतलं सांगतो. तुझ्या स्टुलावर कोणी बसत नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, सगळे बसतात. बॅटरी तर डबा पण त्याच्यावर बसूनच खातो आणि म्हणतो, मामा गेला पण गादी ठेवून गेला. त्याचा चष्मा आता आणखी जाड झालाय, वायर सोलताना नाक वायरीला लागतं. उंटाच्या लिफ्टने परवा एका बाईंना दोन मजल्यांच्या मध्ये थांबवलं आणि बाहेर काढल्यावर त्या उंटालाच म्हणाल्या, एवढा उंच माणूस, वरून हात द्यायचा होता ना. उंट दिवसभर तेच सांगत फिरत होता. दोन नंबरचा पंप अजून खोकतो. तू जाताना म्हणाला होतास, त्याला महिनाभर तेल पाजत राहा, मग तो आपोआप सुधारेल. पाजतोय. सुधारत नाही. तळघरात पाऊल टाकलं की ओल्या लोखंडाचा तोच वास येतो आणि क्षणभर वाटतं, कोपऱ्यातून तुझा आवाज येणार, आली का भिंगरी, कुठे गरगरत होती. मग फक्त पंप खोकतो.

जावई आला तो दिवस आठव. ऑफिसात सगळ्यांना उभं केलं होतं आणि कॉम्प्युटरवाल्या मॅडम सांगत होत्या की आता रहिवाशांच्या तक्रारी फोनवर हा कॉम्प्युटर घेणार, काय करायचं ते हाच ठरवणार, आणि नुसतं बोलणार नाही तर करणार पण. फाटक उघडणार, व्हॉल्व्ह बंद करणार, भोंगा वाजवणार, आपल्यातल्या कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवून फोनवर कळवणार. याला एजंट म्हणायचं, असं त्या म्हणाल्या. तू मागून हळूच म्हणालास, स्वतः कामाला हात लावत नाही, सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात, आणि बिघडलं तर चूक घरच्यांची, हा तर जावई आला की रे. उंटाला हसू आवरेना. तेव्हापासून तो जावईच. आता मॅडमसुद्धा चुकून जावई म्हणतात आणि जीभ चावतात.

त्या जावयाला आपल्याकडचं एकेक साधन ओळखून द्यायचं होतं. हे काय आहे, याने काय होतं, कधी हात लावायचा. ऑफिसच्या साहेबांनी मला पकडलं, कारण सगळ्या इमारती, सगळी गच्ची-तळघरं मला पाठ, आणि एका जागी ठरत नाही म्हणून माझी कटकट जरा ऑफिसात मिटेल असंही त्यांच्या मनात असणार. मी म्हटलं, साहेब, मला इंग्रजी येत नाही. मॅडम म्हणाल्या, बोलतोस तसंच लिही, त्याला कळतं. आणि मी पहिलंच लिहिलं ते भोंग्याचं. एकच ओळ. सगळ्यांना एकदम कळवण्यासाठी भोंगा. पुढे काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलंस. लिफ्टची साफसफाई होती, ते लोकांना कळवायचं होतं, जावयाने आपली साधनं चाळली, त्यात एक निघालं सगळ्यांना एकदम कळवणारं. दिला वाजवून. सगळी इमारत जिन्याने खाली. एक आजोबा अर्धी दाढी करून, एक बाई मांजर बगलेत मारून. आणि तू पंपघराच्या दारात भिंतीला धरून हसत होतास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण ती लाज कसली लाज मामा. ती दुसऱ्या दिवशी चहात विरघळली.

मॅडम त्या दिवशी मला ओरडल्या नाहीत. समोर बसवलं आणि म्हणाल्या, समज उद्या एक नवा माणूस कामावर आला. डोक्याने हुशार, पण इथलं त्याने काहीच बघितलेलं नाही, आणि तुला विचारायला येऊ शकत नाही. त्याच्या हातात फक्त तू लिहिलेलं. आता सांग, तो भोंगा कधी वाजवेल? मी म्हटलं, मॅडम, भोंगा आगीसाठी असतो हे शेंबडं पोर पण सांगेल. त्या म्हणाल्या, मग ते लिहिलंस का? आपल्याला जे माहीत असतं ते आपण लिहीतच नाही ना मामा, ते कोणाला सांगायचं असतं हेच डोक्यात येत नाही. मग त्यांनी शिकवलं. साधन काय करतं ते लिही. त्याला काय सांगावं लागतं ते लिही, कुठली इमारत, कुठला मजला. काम झालं हे त्याला कसं कळणार ते लिही. आणि शेवटी, कधी वापरू नये ते लिही. हा शेवटचा रकाना मला फार आवडला. तुला आठवतं, व्हॉल्व्हचं आपण दोघांनी मिळून केलं? तू पाना पुसत सांगत होतास आणि मी मोबाईलवर एका बोटाने टिपत होतो. याने अख्ख्या इमारतीचं पाणी जातं. एका घरातला नळ गळत असेल तर याला हात लावू नये, त्या घरातली चावी बंद करायला सांगावी. पंपाचं सांगताना तर तू अगदी कळवळून म्हणालास, लिही, टाकी कोरडी असताना चालवू नये, त्याचा जीव जातो. मी हसलो, पंपाला कसला जीव. तू म्हणालास, तू लिही रे.

ते जमायला लागलं. मॅडम म्हणाल्या, छान जमतंय तुला. आता तू म्हणशील त्यात काय एवढं. पण मला शाळेत कोणी छान म्हटलं असेल तर ते बाकं उचलून ठेवल्याबद्दल. इथे मी खुर्चीवर बसलो होतो, डोक्यावर पंखा होता, ऑफिसातला माणूस मला चहा विचारत होता, आणि मी लिहिलेल्या ओळीवर एक एवढं मोठं यंत्र चालत होतं. कधी वापरू नये असं मी लिहिलं की जावई खरंच नाही वापरायचा. तुझी शपथ, माझं आयुष्यात कोणी इतकं ऐकलं नव्हतं. जिन्यावरून उतरताना मी शीळ घालायला लागलो होतो. तू विचारलंस पण, काय रे, लग्नबिग्न ठरवलंस की काय. मग साहेबांच्या डोक्यात आलं की जावई माणसं पण पाठवतो, तर माणसांचं पण लिहून टाका. कोण काय करू शकतो, कोणाला कुठे पाठवावं, कुठे पाठवू नये. मॅडमनी मला यादी दिली आणि त्या दुसऱ्या कामात गेल्या. मी सगळी माणसं एका बैठकीत लिहून काढली. जसा पंप, जसा व्हॉल्व्ह, तसा बॅटरी, तसा उंट. तसा तू.

आता मामा, पुढचं जरा सावकाश लिहितो. आपल्याकडे एक रीत आहे, ती कोणी मला शिकवली नाही. मी नवीन आलो तेव्हा टाकीतून पाणी उतू चाललं होतं, आणि मी तुझ्या तोंडावर विचारलं होतं, मामा, तूच का नाही जात वर. उंटाने माझ्या पायावर असा पाय दिला की नख काळं पडलं. मग बॅटरी म्हणाला, वर माझं काम आहेच, मीच जातो. त्याचं वर काय काम असणार, दिवसाढवळ्या दिवे बघायचे? पण गेला. तू म्हणालास, जा बाबा, मी खालून व्हॉल्व्ह बघतो. नंतर उंटाने मला बाजूला घेऊन सांगितलं, टाकीच्या लोखंडी शिडीवरून तुझा पाय कसा सुटला, त्याने तुझी कॉलर कशी पकडली, शर्टाची बटणं कशी खाली अंगणात पडली. तेव्हापासून शिडीला हात लावला की तुझे गुडघे थरथरतात. मामीला हे माहीत नाही. साहेबांना माहीत नव्हतं. खाली कोणी हा विषय काढत नाही. वरचं काम निघालं की ज्याच्या मनात आलं तो म्हणतो, वर माझं काम आहेच. आणि तळघरात घाण पाणी तुंबलं की तू कोणाला न विचारता पँट दुमडून उतरतोस, नाक दाबून मागे राहिलेल्याकडे बघत पण नाहीस. एवढंच. कोणी आभार मानत नाही, कोणी हिशोब ठेवत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि त्यातलं मला काहीच कळलेलं नव्हतं, असं आता वाटतं.

मी लिहिलं ते जसंच्या तसं लिहितो. तू वाचावंस अशी माझी इच्छा नाही, पण नाही वाचलंस तर तुला खरं कळणार नाही. पंपवाला. तळघरातले पंप, व्हॉल्व्ह, नळ आणि गळती यांसाठी पाठवावा. उंचावर पाठवू नये. शिडी, गच्ची किंवा टाकीवर जावं लागण्याची शक्यता असेल तर दुसरा माणूस पाठवावा. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं. शक्यता हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा लिहिला असेन, आणि तो बरोबर जागी बसला म्हणून मला केवढा आनंद. मनात म्हटलं, आता कोणाला बहाणे करायला नकोत, मामाला कोणी वर पाठवणारच नाही. तुझं भलंच करतोय असं वाटत होतं रे. पण त्यात थोडं हे पण होतं की बघा, मला किती बारकावे माहीत आहेत. जे सगळे झाकत होते ते मी उघडं करून, स्वच्छ अक्षरात, यंत्राच्या ओटीत घातलं. आणि स्वतःचं काय लिहिलं सांगू? सगळी कामं येतात, कुठेही पाठवावा. शेवटचा रकाना कोरा. मॅडमनी विचारलं सुद्धा, तुझ्यात पाठवू नये असं काहीच नाही? मी हसून म्हटलं, आपण सगळीकडे चालतो. कोपऱ्यावरच्या इमारतीतले ते निवृत्त साहेब मला अरे-तुरे करतात तेव्हा माझं डोकं फिरतं, एकदा त्यांच्या दारात पाना आपटला होता, आणि त्यानंतर त्यांच्याकडचं काम निघालं की तू म्हणायचास, मला पाय मोकळे करायचेत, मी पण येतो. माझी पण एक गोष्ट झाकलेली होती ना मामा. तूच झाकलेली. ती मी नाही लिहिली.

मग जावई कामाला लागला. कोणी तक्रार करायचं, नळाला पाणी बारीक येतंय. आता बारीक पाणी म्हणजे नळाची जाळी पण असेल, नाहीतर वर टाकीत पण काही असेल. शक्यता आहे. मग पंपवाला नको, दुसरा पाठवा. भिंतीला ओल आली, वरून पण येत असेल, शक्यता आहे. दुसरा पाठवा. पाण्याचं कुठलं काम असं आहे सांग, ज्याचं दुसरं टोक टाकीत नाही? आणि दुसरा म्हणजे मी, कारण माझ्यात काही पाठवू नयेच नव्हतं. माझा फोन वाजतच राहिला. मी या इमारतीतून त्या इमारतीत पळत होतो, घामाघूम, आणि खुशीत होतो, मला वाटत होतं माझे दिवस आलेत. तू खाली स्टुलावर. आधी तू म्हणालास, बरं झालं, जरा हाडांना आराम. मग पाने पुसायला लागलास. मग पुसलेले पाने पुन्हा पुसायला लागलास. आणि एके दुपारी मी घाईत वॉशर घ्यायला खाली आलो तर तू म्हणालास, भिंगरी, माझ्या फोनवर जरा रिंग दे रे, बिघडलाय वाटतं. मी दिली. वाजला. खणखणीत वाजला. तू त्याच्याकडे बघत राहिलास, उचललाही नाहीस, आणि म्हणालास, चांगला आहे की.

वर जाऊन मी माझं लिहिलेलं काढून बघितलं आणि मला कळलं. मामा, मला तेव्हाच कळलं होतं. तू जायच्या कितीतरी आधी. तो शक्यता शब्द काढायचा होता, बोट लावायचा अवकाश. पण आदल्याच आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना बोलावून, वर्णन कसं असावं हे दाखवायला भिंतीवर मोठ्या पडद्यावर एक नमुना लावला होता. सगळ्यांत स्पष्ट म्हणून. तो तुझा होता. तू पंपघरात होतास म्हणून आला नव्हतास. नाव नव्हतं, नुसतं पंपवाला, पण इथे पंपवाले काय दहा आहेत? पडद्यावर ही मोठाली अक्षरं, उंचावर पाठवू नये. नवीन लागलेली पोरं वाचत होती. बॅटरीने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. आणि मी, एवढ्या लोकांसमोर ज्याचं कौतुक झालं ते मीच उद्या जाऊन चुकलं म्हणून कसं बदलू, असा विचार करत बसलो. आज करू, उद्या करू. तोवर साहेबांनी महिन्याची कामं बघितली, पंपवाल्याच्या नावापुढे जवळजवळ काही नाही. वर्णन पण बघितलं. त्यांनी तुला काय सांगितलं ते तू आम्हाला सांगितलं नाहीस. नुसता येऊन पाने पेटीत लावलेस, मोठे खाली, लहान वर.

तू घरी निघालास तेव्हा गाडीवर सोडायला मी आलो होतो. तुझी पिशवी माझ्या हातात होती. तू म्हणालास, माणसांनी इतकी वर्षं झाकलं रे, पण जावयाने ओळखलं. त्याला डोळे नाहीत म्हणतात, पण त्याने आत बघितलं माझ्या. माझ्यात आता राम नाही हे त्याला कळलं. असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, तू मात्र शिकलास, तुझं भलं झालं, आता माझी काळजी मिटली. आणि मी पिशवी वर ठेवली आणि म्हटलं, खिडकीची जागा आहे मामा, आत नीट बस. दुसरं काही म्हटलं नाही. तुझी गाडी सुटल्यावर मी तिथेच इकडून तिकडे चालत राहिलो, हमालांनी दोनदा बाजूला हो म्हणून सांगितलं. ज्याने मला शाळेतून पळालेला असताना ठेवून घेतलं, कामाला लावलं, पाना धरायला शिकवलं, त्याला मी खिडकीची जागा दिली.

त्यानंतर काय केलं ते पण सांगतो, पण त्याने माझी चूक भरून निघत नाही हे मला कळतं. मी मॅडमना सगळं सांगितलं, शिडीचं आणि फोनच्या रिंगचं पण. त्या म्हणाल्या, माणसाचं लिहिताना त्या माणसाला विचारायला हवं होतं, आणि तुला ते सांगायला मला सुचलं नाही. आता तुझं असं लिहिलंय. पाण्याची कुठलीही तक्रार असो, आधी पंपवाल्यालाच पाठवावं. वर जायचं निघालं तर सोबत कोणाला न्यायचं ते तो स्वतः ठरवेल. माझं पण लिहिलं, खरं काय ते. तुला परत बोलवा म्हणून साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, हो म्हणाले नाहीत. म्हणाले, बघू. मामा, ते बघू खरोखरचं आहे की कटवायचं, मला सांगता येत नाही, आणि तुला खोटी आशा दाखवायची माझी आता लायकी नाही. खाली सगळ्यांना सांगितलं तेव्हा उंट असा उठून माझ्यासमोर आला की मला वाटलं, हाणतो आता. हाणलं असतं तर बरं झालं असतं. बॅटरी एवढंच म्हणाला, आम्हाला काय सांगतोस, त्याला सांग.

खरं सांगायचं तर तरीही मी लिहिलं नसतं. बघू, उद्या, असंच चाललं असतं माझं. पण परवा तू बाहेर गेलेला असताना मामीचा फोन आला. हसत हसत सांगत होती, तुझ्या मामाला म्हातारपणी माकडचेष्टा सुचल्यात. म्हणे रोज सकाळी उठून शेजाऱ्यांची शिडी आणतोस, घराच्या भिंतीला लावतोस आणि वर चढतोस. आधी दोन पायऱ्या, मग चार, आता छपराच्या कडेपर्यंत जातोस, तिथे डोळे मिटून उभा राहतोस आणि घामाने निथळून खाली येतोस. तिने विचारलं तर म्हणालास, सराव करतोय, यंत्राला दाखवून देतो. तिला गंमत वाटतेय मामा. तिला बटणांचं माहीत नाही. खाली उंट नाहीये तुझी कॉलर धरायला. त्या जावयाने तुझ्या आत काही बघितलं नाही रे. त्याने तुला बघितलंच नाही. त्याला मी सांगितलं, आणि त्याने माझं ऐकलं. तुझ्यात काही कमी झालेलं नाही, तू गेलास तेव्हा होतास तेवढाच आहेस. मला शिव्या दे, माझं तोंड बघू नकोस, फोन करून मामीच्या देखत काय म्हणायचं ते म्हण, मी ऐकेन, उलटून बोलणार नाही. पण हे पत्र मिळेल त्या दिवशी ती शिडी शेजाऱ्यांना परत देऊन ये.

तुझाच,
भिंगरी